आधी कीबोर्ड, मॉनिटर सगळ्यात शेवटी: सांगलीत जोडून घेतलेला डेस्कटॉप

मला दिसत नाही, जन्मापासूनच. सांगलीत गावभागात राहते, गाण्याचे क्लास घेते, निम्मे विद्यार्थी समोर बसतात, निम्मे ऑनलाईन. त्यांना रियाझासाठी बंदिशी, तानपुरा, ठेका असं सगळं रेकॉर्ड करून पाठवावं लागतं, त्यामुळे दिवसातला बराच वेळ कॉम्प्युटरवरच जातो. नुकताच नवीन डेस्कटॉप जोडून घेतला आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण कॉम्प्युटरचे रिव्ह्यू ढिगानं मिळतात पण सगळे स्क्रीनचे रंग कसे आणि गेमला फ्रेम किती यावरच, स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून बसणाऱ्या माणसानं काय बघून घ्यायचं हे कुणी सांगतच नाही. मशीन चांगलं निघालंय, दुकानही चांगलं भेटलं, काही गोष्टी खटकल्यात, त्या पण सांगते.

जुना कॉम्प्युटर बंद पडला नव्हता. चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, चालत होता अजून. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा घ्यायचा तर आठव्या जनरेशनचा तरी प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. माझं बँकेचं, फीचं सगळं त्याच्यावरच, मग सिक्युरिटी अपडेट नसलेल्या मशीनवर किती दिवस बसायचं.

लॅपटॉप का नको असं भाच्यानं पण विचारलं. कीबोर्डसाठी नको. मी एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर वापरते, त्याच्या निम्म्या कमांड इन्सर्ट आणि नंबरपॅडवर असतात. नंबरपॅडचा आठ दाबला की चालू ओळ, सात आणि नऊला आधीची-पुढची, खाली चार-पाच-सहाला शब्द आणि एक-दोन-तीनला अक्षर. वर्षानुवर्षं बोटांना हीच सवय. लॅपटॉपमध्ये एक तर नंबरपॅड नसतो, असला तर दाटीवाटीनं बसवलेला, इन्सर्ट कुठल्या तरी दुसऱ्या बटणात घातलेलं, वर-खालीचे ॲरो अर्ध्या उंचीचे. लॅपटॉप लेआउट शिकून काम करणारे माझे मित्र आहेत आणि झकास करतात, पण मला घरात एका जागी बसूनच काम करायचंय तर हवा तसा कीबोर्ड का नको?

आता दुकानांचं. भाचा सोबत होता. पहिल्या दुकानात मी बोलायचे आणि दुकानदार उत्तर त्याला द्यायचा. ‘यांना कशासाठी पाहिजे? मग साधाच द्या की, एवढं कशाला लागतंय यांना?’ मी सांगितलं मला मल्टिट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज वेगळे ठेवून, रेकॉर्डिंग करायचंय, तरी त्यानं भाच्यालाच सत्तावीस इंची मॉनिटरचे गुण सांगायला सुरुवात केली, मग काचेचा कॅबिनेट, आत रंगीत लाईट फिरतात. माझा पेन ड्राइव्ह लावून बघू का विचारलं तर व्हायरस येतो म्हणाला. तिथून निघालो.

दुसरं दुकान गणपती पेठेच्या बाजूला, छोटं, जिना चढून वर जायचं. तिथं पण मी पेन ड्राइव्हचं विचारलं. ‘ताई, लावा की, त्यात काय विचारायचं,’ म्हणाला आणि खुर्ची सरकवून दिली, कीबोर्ड समोर ठेवला, यूएसबीची जागा कुठं आहे ते बोट धरून दाखवलं, ते पण आधी विचारून. मला तिथंच बरं वाटलं.

पेन ड्राइव्हवर काय असतं ते सांगते, कारण दुकानात जाताना सगळ्यात उपयोगी वस्तू तीच. एनव्हीडीएच्या मेनूत टूल्समध्ये पोर्टेबल कॉपी बनवायची सोय आहे. ती पेन ड्राइव्हवर ठेवली की कुठल्याही विंडोज मशीनवर काही इन्स्टॉल न करता एनव्हीडीए सुरू होतं, आपल्याच सेटिंगसकट, आपल्याच स्पीडवर. सोबत वायरचा साधा इअरफोन न्यायचा, दुकानात गोंगाट फार असतो. एक लक्षात ठेवा, पोर्टेबल कॉपी परवानगी विचारणाऱ्या यूएसीच्या खिडकीत बोलत नाही, तिथं गप्प बसली म्हणजे मशीन खराब आहे असं नाही.

दुकानदारानं आधी जे मशीन समोर ठेवलं त्यात फिरणारी जुनी हार्ड डिस्क होती, दुसऱ्यात एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा खूप झटपट चालणारी साठवण. प्रोसेसर जवळपास सारखाच. मी पहिल्यावर विंडोजचं बटण दाबलं आणि वाट बघत बसले, काही नाही. परत दाबलं. मग एनव्हीडीए एकदम दोन्ही वेळचं एकत्र बोलला, स्टार्ट उघडून परत बंद पण झालेला. दुसऱ्यावर बटण सोडायच्या आत ‘सर्च’ ऐकू आलं. नोटपॅड उघडून खालचा ॲरो दाबून धरला, प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर तुटून तुटून पण बोटाबरोबर येत होतं, सोडल्याबरोबर थांबला आणि ज्या ओळीवर आहे तीच वाचली. मग क्रोम उघडून एक मोठं बातम्यांचं पान लोड केलं, इन्सर्ट-एफ सात दाबून लिंकची यादी काढली. हे तेवढं करून बघितलं की मशीन कसंय ते कळतं, बाकी कागदावरचे आकडे राहू द्या.

यात एक गोष्ट डोळस माणसाच्या लक्षात येत नाही म्हणून सांगते. त्यांना मशीन स्लो झालं की स्क्रीनवर गोल फिरताना दिसतं, काहीतरी चाललंय हे कळतं. आपल्याला फक्त शांतता. काम चालू आहे, हँग झालंय, स्क्रीन रीडर पडला, का लाईट गेली, चारही वेळा शांतताच. म्हणून मी या खरेदीत प्रत्येक वस्तू घेताना एकच विचार केला, की ही वस्तू मला अशा शांततेत किती वेळा सोडणार.

शेवटी जोडून घेतलं ते असं. इंटेल आय-थ्री १२१००, चार कोअरचा, एच ६१० चा मदरबोर्ड (पुढं नुसतं बोर्ड म्हणते), १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे अजून जलद प्रकारची, एसएसडी. मॉनिटर सोडून ३५ हजारांच्या आत बसलं, रॅमचे भाव चढलेत म्हणून, नाहीतर अजून कमी झालं असतं. रॅमची १६ ची एकच स्टिक घेतली, दुसरा स्लॉट रिकामा ठेवलाय पुढं वाढवायला. आठमध्ये पण एनव्हीडीए आरामात चालतं, तो फार हलका आहे, पण क्रोमची दहा पानं, ऑनलाईन क्लास आणि रेकॉर्डिंग एका वेळी उघडं असलं की आठ कमी पडतं आणि पहिला फटका आवाजाला बसतो.

प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असला तर जरा थांबा. १२१००एफ थोडा स्वस्त पडतो आणि काही दुकानदार तो आवर्जून सुचवतात, पण एफवाल्यात ग्राफिक्स नसतं, मग मॉनिटरवर काही यायला वेगळं कार्ड घ्यावं लागतं. वाचलेले पैसे तर जातातच आणि वर एक पंखा वाढतो. आपल्याला आतलं साधं ग्राफिक्स पुरून उरतं. तो वाचलेला पैसा एसएसडीला लावा, कीबोर्डला लावा.

कीबोर्डवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, दुकानातल्या पोरानं न कंटाळता एक एक डबा उघडून दिला. मी काय बघते तर एफ आणि जे वरचे उंचवटे नखाला लागतात का, नंबरपॅडच्या पाचवर उंचवटा आहे का, एफ एक ते बारा चार-चारच्या गटात आहेत का आणि गटांमध्ये बोट बसेल एवढी फट आहे का. फट नसली की एफ सहा का एफ सात ते दर वेळी मोजत बसावं लागतं. इन्सर्ट-डिलीटचा सहा बटणांचा चौकोन वेगळा आहे का. काही नवीन कीबोर्डांत तो चौकोन मोडून उभी रांग केलेली असते, दिसायला छान असेल, पण तिथं एंड दाबायला जावं आणि पेज डाऊन लागावं असं होतं. वरच्या कडेला गाणी, मेल, कॅल्क्युलेटरची जादा बटणं नकोत, हात चुकून लागतो आणि क्लास चालू असताना भलतंच काहीतरी उघडतं.

बँकेत, ऑफिसात तो टकटक वाजणारा मेकॅनिकल कीबोर्ड असतो ना, बोटांना त्याच्याइतका सुंदर दुसरा नाही, प्रत्येक बटण दाबलं गेलंय हे बोटालाच कळतं. टायपिंगचंच काम असेल त्यांनी डोळे झाकून तो घ्यावा. मला माईक उघडा असताना बटणं दाबावी लागतात म्हणून साधा मेंब्रेनवाला घेतला, बटणं जरा खोलगट आहेत, बोट बरोबर बसतं, आवाज जवळजवळ नाही. वायरचाच घेतला. वायरलेसची बॅटरी उतरली हे सांगायला बरेचदा फक्त एक छोटा दिवा असतो.

आवाजाचं मात्र नीट समजून घ्या, इथं दुकानदाराला पण माहिती नसते. मॉनिटर एचडीएमआयनं जोडला की विंडोज बरेचदा आवाज पण तिकडंच पाठवतं. मॉनिटरला स्पीकर नसला तर आपण बहिरे, आणि असला तरी मॉनिटर झोपला की आवाज गेला. म्हणून घरी आल्यावर सगळ्यात आधी एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ऑडिओत जाऊन आउटपुट डिव्हाइस बोर्डाच्या साऊंडवर कायमचं बांधून टाकायचं. ब्लूटूथ हेडफोन गाणी ऐकायला ठीक, स्क्रीन रीडरला नको, बोटाच्या मागून आवाज येतो आणि शांततेनंतरचा पहिला तुकडा गिळला जातो. ‘नाही’ मधलं ‘ना’ गेलं तर काय उरलं सांगा.

माझ्याकडं साऊंडच्या दोन वाटा आहेत. एनव्हीडीए बोर्डाच्या जॅकमधून छोट्या स्पीकरवर बोलतो, गाणं यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी बाहेरून जोडायच्या साऊंडच्या डब्यातून, हेडफोनला जातं. एकाच डिव्हाइसवर दोन्ही ठेवलं की रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एएसआयओ नावाच्या ऑडिओ ड्रायव्हरनं बरेचदा ते डिव्हाइस स्वतःकडं घेतं आणि स्क्रीन रीडर गप्प होतो, ते पण नेमकं रेकॉर्डचं बटण शोधताना. रेकॉर्डिंगला मी रीपर हे सॉफ्टवेअर वापरते, त्याच्यावर ओसारा नावाचं फुकट एक्स्टेंशन आहे, ट्रॅक, कर्सर, व्हॉल्यूम सगळं बोलून सांगतं. एनव्हीडीए सुरू केलं ते २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करननं, मग जेम्स तेह त्याच्यासोबत आला, दोघंही दृष्टिहीन, आणि ओसारा पण त्या जेम्स तेहचंच काम. आपल्यासारख्याच दोन माणसांनी केलेल्या या दोन गोष्टींवर सांगलीत बसून माझा क्लास चालतो, मला याचं फार वाटतं. जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर पण चांगलाय, जुनाय, पण त्याची किंमत आपल्याला परवडणारी नाही, आणि मला एनव्हीडीएत आजवर काही कमी पडलेलं नाही.

ॲपलच्या मॅक मिनीचा विचार केला होता का, तर केला होता. व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर त्यात आतच असतं, २००५ पासून आहे, डब्यातून काढला की बोलतो. पण माझे सगळे शॉर्टकट, सगळे ओळखीचे लोक, अडलं तर फोनवर सांगणारे, सगळे एनव्हीडीएवाले. ज्यांना सगळं नव्यानंच शिकायचंय त्यांनी मॅक पण जरूर ऐकून बघावा.

दुकानात काय करून घ्यायचं ते आता. कॅबिनेटमध्ये हल्ली बीपचा छोटा बझर येत नाही, सांगितल्याशिवाय कोण लावत पण नाही. बोर्डवर स्पीकरची पिन आहे का ते आधी विचारा, माझ्या बोर्डावर होती, दुकानदारानं ड्रॉवर धुंडाळून एक बझर काढला आणि फुकट बसवून दिला. चालू केलं की एक छोटी बीप येते, म्हणजे रॅम वगैरे ठीक आहे, थोड्या वेळात विंडोज ११ ची सुरुवातीची धून आणि मग एनव्हीडीए. तीन आवाज, तिन्ही आले की निश्चिंत. एखादा आला नाही तर कुठं अडलंय ते तेवढ्यावर कळतं. नवीन कॉम्प्युटर घेणाऱ्या प्रत्येकानं हा बझर मागून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं स्वतःचं सेटिंग, बोलत नाही. कुठलाच स्क्रीन रीडर तिथं चालत नाही कारण विंडोज सुरूच झालेलं नसतं. म्हणून त्यातलं जे काही असेल ते दुकानातच, भाच्याला वाचायला लावून करून घेतलं. टीपीएम चालू आहे का ते मात्र आपलं आपल्याला बघता येतं, विंडोज-आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाईप केलं की खिडकी उघडते आणि एनव्हीडीए वाचतो. पुढं कधी एकटीनं बायोसमध्ये शिरायची वेळ आली तर मोबाईलवर बी माय आईज हे ॲप आहे, कॅमेरा स्क्रीनकडं धरायचा आणि समोरचा माणूस वाचून सांगतो.

विंडोजचं पहिलं सेटिंग दुकानदाराला करू दिलं नाही. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की नॅरेटर, विंडोजमधला स्वतःचा स्क्रीन रीडर, बोलायला लागतो, भाषा, नाव, पासवर्ड सगळं मीच केलं, दुकानातलं पोरगं बाजूला उभं राहून ऐकत होतं, त्याला हे माहितीच नव्हतं. आणि लायसन्स. ॲक्टिव्हेट नसलेल्या विंडोजच्या स्क्रीनवर कोपऱ्यात फिकट अक्षरात तसं लिहून येतं, बघणाऱ्याला लगेच दिसतं, आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून पैसे देण्याआधी सेटिंग, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन इथं जाऊन ‘ॲक्टिव्ह’ असं स्वतःच्या कानानं ऐकायचं. आणि जीएसटीचं पक्कं बिल आपल्या नावावर घ्यायचं, भाच्याच्या नाही. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून कधी काही अर्ज करायचा झाला तर असे कागद आपल्या नावाचेच लागतात.

यूपीएस घेतलाच पाहिजे. आमच्याकडं लाईट जाते-येते, आणि मघाशी म्हणलं तसं, लाईट गेली का मशीन पडलं हे बसल्या जागी कळत नाही. यूपीएस बीप बीप करून सांगतो. ६०० व्हीएचा साधाच आहे, पण रेकॉर्डिंग सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळतो.

मॉनिटर नवीन घेतलाच नाही, जुना लावलाय. भाच्याला, टेक्निशियनला लागतो म्हणून. एरवी बंदच असतो, आणि चालू असला तरी इन्सर्ट-कंट्रोल-एस्केपनं स्क्रीन कर्टन लावते, सगळं काळं होतं, बँकेचं काम करताना मागं कोण उभं आहे याची चिंता नाही.

मराठीचं विचारतात बरेच जण. एनव्हीडीएसोबत ई-स्पीक हे बोलणारं सॉफ्टवेअर येतं, त्यात मराठी आहे, यंत्रासारखा आवाज पण झटपट आणि शब्द बरोबर. विंडोजचे हिंदी आवाज, हेमंत आणि कल्पना, कानाला गोड लागतात, पण मराठी हिंदीच्या चालीनं वाचतात, ‘चमचा’ मधला च ऐकला की कसंतरीच होतं. मी कामाला ई-स्पीकच ठेवते. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली फाईल आली तर कुठलाच आवाज उपयोगाचा नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं वाचत सुटतो, पाठवणाऱ्याला सांगून युनिकोडमध्ये मागवायची. मशीन कितीही नवीन असलं तरी त्याला इलाज नाही.

आता खटकलेलं. कॅबिनेटवर पॉवर आणि रिसेटची बटणं शेजारी शेजारी, एकाच आकाराची. पुढचे हेडफोन आणि माईकचे जॅक पण तसेच, हाताला दोन्ही सारखे. पॉवरवर एम-सीलचा एक ठिपका बसवला, हेडफोनच्या वर एक, माईकच्या वर दोन. मागच्या प्रत्येक वायरला पण खुणा केल्यात, कुठं गाठ, कुठं रबर बँड, बोर्डावर त्या त्या जागेजवळ तेवढेच ठिपके. यामागं गावभागाचं एक कारण आहे. २००५, २०१९, २०२१, आमच्या भागाला पुराचं पाणी काय असतं ते माहितीये. पाणी चढायला लागलं की कोणाची वाट न बघता मला सगळं सोडवून वरच्या मजल्यावर नेता आलं पाहिजे आणि तिथं परत जोडता आलं पाहिजे. म्हणून कॅबिनेट पण मुद्दाम लहान घेतला, एका हाताच्या कवेत बसतो.

सर्व्हिसला घरी आलेल्या माणसानं एकदा न सांगता वायरींची अदलाबदल केली, कीबोर्ड दुसऱ्या यूएसबीत, स्पीकर दुसऱ्या जॅकात, आणि निघून गेला. त्यानं काम चांगलंच केलं होतं, पण मला संध्याकाळचा क्लास रद्द करायला लागला. दुकानदाराला फोन केला, त्यानं वाद घातला नाही, आता कोणी आलं की आधी मला विचारतात, ‘ताई, कुठली काढू?’

आणि मागचा पंखा. दुकानाच्या गोंगाटात तो ऐकूच येत नव्हता. घरी दारं-खिडक्या लावून मिरजेचा तानपुरा रेकॉर्ड केला, खर्जाच्या तारेचा आवाज शेवटी विरत जातो ना, जवारीची गुंज बारीक होत होत, त्याच्या खाली एक सलग घूं ऐकू आला, सुरात पण नाही, षड्जाच्या जरासा खाली. सध्या टेबलाखाली कॅबिनेट लांब सरकवून आणि माईकचं तोंड फिरवून भागवतेय. दुकानदार म्हणाला मोठा, हळू फिरणारा पंखा मागवतो, आला की आधी तुमच्याकडं आणून लावून ऐकवतो, पसंत पडला तरच ठेवा.